नायकांचा वाडा, भोसल्यांचे घर

तंजावूरचा राजवाडा मराठ्यांनी बांधला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो त्यांना बांधलेलाच मिळाला. सोळाव्या शतकात नायक राजांनी वीट आणि चुना वापरून त्याची उभारणी आरंभिली. १६७३ मध्ये विजयराघव नायक लढाईत पडला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच व्यंकोजीराजे भोसले या परक्या घराचे धनी झाले.

जिंकलेले घर पाडून आपल्या पसंतीचे उभारावे, असा मोह जेत्याला होतो. भोसल्यांनी नायकांचे सभागृह राहू दिले. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजांच्या कारकीर्दीत त्याच आवारात त्यांचा स्वतंत्र दरबार झाला. त्याचे खांब व छत रंगविलेले आहेत.

खरा फेरबदल केला तो दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२), आणि तो भिंतींपेक्षा वापरात अधिक होता. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला; राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली. राज्य नसलेल्या राजवाड्याचे करावयाचे काय? नायकांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह सरफोजींनी अनेक पटींनी वाढविला, औषधांसाठी धन्वंतरी महाल चालविला, देवनागरीचा छापखाना घातला. कारभार गेला तेव्हा कुठे वाडा कामाला लागला, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही!

१८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतानाविना वारले. कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्तेवरही टाच आणली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र निकाल फिरविला: सत्ताधाऱ्याच्या राजकीय कृत्याची तपासणी न्यायालयास करता येत नाही, असे ठरले. तरीही १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांच्या स्वाधीन केली. घर वाचले, पण आता त्याला एक धनी नव्हता, अनेक वारस होते.

दालनांची वाटणी होऊ शकते. हस्तलिखितांच्या संग्रहाची केली तर तो संग्रहच उरत नाही. १९१८ मध्ये राजघराण्यातील वारसांनी सरस्वती महाल ग्रंथालय लोकांस अर्पण केले आणि त्याच्या निगराणीसाठी एक लाख रुपयेही दिले. ग्रंथ मात्र त्याच आवारात राहिले.

नायकांच्या सभागृहात १९५१ पासून कलादालन आहे. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याने घडविलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा तेथेच, मूळ धन्यांच्या दरबारात, उभा आहे.