पोहणाऱ्याच्या मनांतील गाणें

पोहणें ही हातापायांची विद्या आहे, असें आपण सामान्यतः समजतों. हात कसा टाकावा, पाय कसे हलवावे, सूर कसा मारावा, हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. परंतु हातपाय तासचे तास एकच काम करीत असतां मनानें काय करावें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. हा प्रश्न क्षुल्लक समजून हंसण्याचें कारण नाहीं. पोहणाऱ्याचें मन कोठें आहे, यावर त्याचा वेग, त्याचा दम आणि प्रसंगीं त्याचा जीवही अवलंबून असतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रस्त्यानें चालणारा मनुष्य झाडें पाहतो, सोबत्याशीं बोलतो, वाटेल तेव्हां श्वास घेतो. पाण्यांत यांतलें कांहींच नाहीं. डोळ्यांपुढें अंधुक पडदा, कानांत पाण्याचा आवाज; बोलणें तर दूरच राहिलें. पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट दाट असल्यामुळें प्रत्येक चुकीच्या हालचालीचा दंड जागच्या जागीं भरावा लागतो. श्वासही आपल्या लहरीनें घेतां येत नाहीं. तोंड पाण्याबाहेर येतें, त्या क्षणांत तो आंत घ्यावयाचा. आणि तोंड पाण्यांत असतांना सावकाश सोडावयाचा. अशा रीतीनें पोहणाऱ्याचा श्वास तालाशीं बांधलेला असतो. आणि जेथें ताल आहे, तेथें गाणें आपोआप येतें.

हा अनुभव आपल्या लोकांस नवा नाहीं. पूर्वीं पहांटे जात्यावर बसलेली माउली ओवी म्हणत असे. मोट हांकणारा शेतकरी मोटेचें गाणें म्हणत असे. तीं गाणीं केवळ करमणुकीसाठीं नव्हतीं. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण एकमेकांस सांवरून धरीत, आणि श्रम हलके होत. पोहणाऱ्याचें गाणेंही त्याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, तें ओठांवर येऊं शकत नाहीं, मनांतच राहतें.

हें कसें घडतें, तें उदाहरणानें पाहूं. क्रॉल पद्धतीनें पोहतांना हाताच्या प्रत्येक फेकीस एक मात्रा धरावी. जो तिसऱ्या हातास श्वास घेतो, त्याला सहा मात्रांचा दादरा सोयीचा पडतो. कारण दर तीन मात्रांनीं श्वास येतो, एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे. जो दोन किंवा चार हातांनीं श्वास घेतो, त्याला आठ मात्रांचा केरवा जुळतो. ज्यानें भजनांत टाळ धरला आहे, त्यास हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.

लांब पल्ला पोहणाऱ्यांस या गोष्टीची किती गरज भासते, हें इंग्लिश खाडीच्या इतिहासावरून दिसून येतें. ही खाडी सर्वांत अरुंद ठिकाणीं सुमारें ३४ किलोमीटर रुंद आहे. कॅप्टन मॅथ्यू वेब यानें १८७५ च्या ऑगस्टांत ती प्रथम पोहून पार केली, तेव्हां त्याला २१ तास ४५ मिनिटें लागलीं. आपल्या देशाचे मिहिर सेन १९५८ सालीं व आरती साहा १९५९ सालीं ती पोहून गेले. आरतीबाईंस १६ तास २० मिनिटें लागलीं. इतका वेळ मन रिकामें राहूं शकत नाहीं. तें कांहीं तरी धरणारच.

जेबेझ वुल्फ नांवाच्या गृहस्थानें ही खाडी पार करण्याचा वीसांहून अधिक वेळां प्रयत्न केला. हातांचा ताल बिघडूं नये म्हणून तो सोबतच्या बोटीवर बॅगपाइप वाजविणारा घेत असे. तरी त्याला यश आलें नाहीं. पुढें १९२६ सालीं गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी सुमारें साडेचौदा तासांत पार गेली आणि तोंवरच्या सर्व पुरुषांपेक्षां तिला कमी वेळ लागला. तिच्याही बोटीवरील मंडळी तिला हुरूप यावा म्हणून गाणीं म्हणत होती. परंतु लाटांच्या आवाजांत बाहेरचें संगीत कितीसें ऐकूं येणार? मनांतलें गाणें मात्र लाटांनीं बुडत नाहीं.

डायना नायड या बाईंनीं २०१३ सालीं, वयाच्या ६४ व्या वर्षीं, क्यूबापासून फ्लॉरिडापर्यंत पोहण्याचा उपक्रम केला. त्यास पुढें अधिकृत मान्यता मिळाली नाहीं. तथापि त्यांची मन गुंतविण्याची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. ठरलेलीं गाणीं त्या मनांतल्या मनांत पुनःपुन्हां म्हणत, आणि गाणीं थांबलीं म्हणजे निरनिराळ्या भाषांत आंकडे मोजीत. अशा वेळीं गाणें हेंच घड्याळ होतें.

मोजणीचा उपयोग लहान शर्यतींतही होतो. २००८ सालीं बीजिंग येथील ऑलिंपिकमध्यें २०० मीटर बटरफ्लाय शर्यतींत मायकेल फेल्प्स याच्या चष्म्यांत पाणी शिरलें व त्याला भिंत दिसेनाशी झाली. परंतु एका लांबीस आपले किती हात पडतात, हें त्यास ठाऊक होतें. तो हात मोजीत गेला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रम करून जिंकला. डोळे निरुपयोगी झाले, तेव्हां मनांतील आंकड्यांनीं वाट दाखविली.

येथें एक शंका उत्पन्न होते. मनानें श्रम विसरावे, कीं श्रमांकडे लक्ष द्यावें? १९७७ सालीं विल्यम मॉर्गन व मायकेल पोलॉक या अमेरिकन संशोधकांनीं लांब अंतर धावणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, सामान्य धावणारे कष्टांचा विसर पडावा म्हणून मन दुसरीकडे नेतात. नामांकित धावणारे मात्र आपला श्वास व स्नायूंचा ताण यांवर लक्ष ठेवतात. हें निरीक्षण धावण्याचें असलें, तरी पोहणाऱ्यानें त्यापासून बोध घ्यावा. जें गाणें श्वासाची आठवण देतें तें चांगलें. जें श्वासाचा विसर पाडतें तें घातक.

थंड पाण्यांत तर हा भेद जीवनमरणाचा ठरतो. शरीर फार गार पडलें म्हणजे बुद्धि मंद होते, बोलणें अडखळतें आणि हातांची गति उतरते. म्हणून मोठ्या पोहण्याच्या वेळीं बोटीवरील मंडळी हातांच्या फेकी मोजतात व पोहणाऱ्यास साधे प्रश्न विचारून उत्तर नीट येतें कीं नाहीं, हें पाहतात. आपलें पाठ असलेलें गाणें मध्येंच तुटूं लागलें किंवा आंकडे चुकूं लागले, तर ती सूचना समजून मदत मागावी. तींत कमीपणा नाहीं.

आतां आईबापांनीं विशेष ध्यान द्यावें अशी एक गोष्ट. विहिरींत वा तलावांत मुलें बुडी मारून "मी शंभर मोजीपर्यंत खालीं राहतों" अशी पैज लावतात. त्याआधीं जोरजोरानें पुष्कळ श्वास घेतात, आणि त्यानें दम वाढतो असें समजतात. हा समज फार धोक्याचा आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः शरीरांत कार्बन डायऑक्साइड सांचल्यामुळें. प्राणवायु कमी झाल्यामुळें नव्हे. जोरानें श्वास घेतल्यानें तो वायु आधींच कमी होतो. मग प्राणवायु संपत आला तरी आंतून इशारा मिळत नाहीं, आणि मुलगा पाण्याखालीं एकाएकीं बेशुद्ध होतो. कांठावरच्यांस वाटतें, तो अजून मोजीत आहे. अशा पैजेस घरांत व शाळेंत स्पष्ट मनाई असावी.

विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें इतकेंच कीं, एकट्यानें कधीं पोहूं नये. पोहूं शकणारें वडील माणूस जवळ असावें. प्रथम श्वास सोडण्याची संवय करावी, नंतर हात मोजावे, आणि मग आवडीचें संथ चालीचें एखादें गाणें मनांत धरावें. द्रुत चालीचें गाणें हातांस पळवितें व दम लवकर संपवितें. गाणें पुढें धांवूं लागलें, तर तें सोडून द्यावें आणि पुन्हां एकापासून मोजावें. पोहण्यांत गाण्यानें श्वासाच्या मागून चालावें. श्वासास आपल्यामागून ओढूं नये.