पिकअपला ट्रेलरची हिच : निवड व जोडणी

कोकणातील आपले अनेक बांधव आखाती देशांत गॅरेज आणि फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. तिकडे पिकअपमागे ट्रेलर ही रोजची बाब आहे. मच्छीमार होडी ओढतात, ठेकेदार जनरेटर व कॉम्प्रेसर ओढतात. सबब, हिच बसविण्याचे काम आज ना उद्या प्रत्येक मेकॅनिककडे येते. चार लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या, वर बॉल बसविला की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. हा समज घातक आहे. हिच तुटली तर दीड-दोन टनांचे ओझे भर वेगात मोकळे सुटते. ते समोरच्या गाडीवर जाईल की पायी चालणाऱ्यावर, हे कोणाच्याही हातात राहत नाही. म्हणून या कामाचे नियम समजून घेऊ या.

आधी वजनाचा हिशेब

हिच विकत घेण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहून काढावेत. पहिला, गाडी किती वजन ओढू शकते. हा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. दुसरा, मालासह ट्रेलरचे एकूण वजन. हे अंदाजाने ठरवू नये, वजनकाट्यावर करावे. तिसरा, ट्रेलरच्या दांडीचा बॉलवर खाली पडणारा भार. साध्या ट्रेलरसाठी अमेरिकेत रूढ असलेला नियम असा की, हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तो कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो व गाडीही ओढून नेतो. फार झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमजोर पडतात.

उदाहरण घ्या. इंजिन व इंधनासह होडी आणि ट्रेलर मिळून १,७०० किलो भरले. म्हणजे दांडीचा भार १७० ते २५५ किलो हवा. समजा तो २०० किलो आहे. हे २०० किलो पिकअपच्या मालवहन क्षमतेतूनच वजा होतात, हे पुष्कळ लोक विसरतात. क्षमता ९०० किलो असेल, तर दोन माणसे १५० किलो, जाळी व बर्फ ४०० किलो, हिच ३० किलो आणि दांडी २०० किलो मिळून ७८० किलो झाले. शिल्लक फक्त १२० किलो. शिवाय बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधील अंतर ३ मीटर असेल, तर तराजूच्या दांडीप्रमाणे पुढच्या ॲक्सलवरील ८० किलो उचलले जातात व मागच्या ॲक्सलवर २०० ऐवजी २८० किलो पडतात. म्हणून मागच्या ॲक्सलची मर्यादाही तपासावी.

दांडीचा भार मोजण्यासाठी माणसाचे वजन करायचा घरगुती काटा पुरतो. एक भक्कम लाकडी फळी घ्यावी. तिचे एक टोक पाइपच्या तुकड्यावर व दुसरे टोक काट्यावर, दोन्हींमध्ये ३ फूट अंतर ठेवावे. पाइपपासून १ फुटावर दांडी टेकवावी. काट्याचा आकडा तीनने गुणला की खरा भार मिळतो. मोजताना ट्रेलर सपाट जागी व समतल असावा. भार कमी-जास्त वाटला तर माल पुढे-मागे सरकवावा.

हिच आणि बॉलची निवड

नुसत्या बंपरला बॉल लावणे हलक्या ओझ्यासाठीच ठीक. नियमित कामाला चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसणारी, चौकोनी नळीची रिसीव्हर हिच घ्यावी. अमेरिकन वर्गवारीत पहिला वर्ग सुमारे ९०० किलोपर्यंत, दुसरा सुमारे १,५९० किलोपर्यंत असतो. तिसऱ्या व त्यापुढील वर्गांची नळी सहसा २ इंची असते व क्षमता जास्त असते. २ इंची नळीला ५/८ इंची पिन लागते. त्याजागी मिळेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नये.

एक नियम पक्का लक्षात ठेवावा : गाडी, हिच, बॉलची पट्टी, बॉल, कपलर व साखळी यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता. तीन टनांची हिच घेऊन तिच्यावर एक टनाचा बॉल लावला तर हिच एक टनाचीच झाली.

बॉलचे माप कपलरवर कोरलेले असते. १ ७/८ इंच म्हणजे ४७.६ मिलिमीटर, २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आखातात ५० मिलिमीटरचा बॉलही आढळतो. लहान बॉलवर मोठे कपलर बसलेले दिसते, पण खड्ड्यात उसळून सुटते. म्हणून दोन्हींची मापे जुळवूनच जोड द्यावी. ट्रेलर समतल उभा करून कपलरची उंची मोजावी व त्यानुसार खाली किंवा वर वळलेली पट्टी घ्यावी.

जुनी हिच स्वस्त मिळते. ती घेताना वेल्डजवळची तडे, लांबट झालेली भोके व गंजून पातळ झालेला पत्रा पाहावा. क्षमतेची पट्टी नसेल तर घेऊच नये.

जोडणी

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. स्टेपनी काढून ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी.

२) चेसिसवर कंपनीची भोके असतील तर तीच वापरावीत. नवे भोक पाडायचेच असेल तर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, चेसिसच्या उभ्या बाजूवर व ड्रिलनेच. वरच्या-खालच्या काठाला भोक पाडू नये. गॅसने भोक जाळू नये आणि चेसिसला वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलाद कमजोर होऊन तेथूनच तडा जातो.

३) बोल्ट ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचे, किटसोबत आलेले वापरावेत. सगळे आधी हाताने धरवून मग टॉर्क पान्याने आवळावेत. किटच्या कागदावर दिलेला आकडाच प्रमाण मानावा. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर एम-१२ मापाच्या ८.८ बोल्टला साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर लागतात. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर गिऱ्हाइकाला परत बोलावून पुन्हा तपासावे.

४) सायलेन्सर, ब्रेकची नळी व वायर हिचला घासत नाहीत, हे पाहावे.

५) दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींवर आडव्या घालाव्यात. कपलर सुटलेच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळणापुरताच ढिलेपणा ठेवावा.

वायरिंग

सात पिनच्या गोल १२-एन सॉकेटमध्ये क्रम असा : १ डावा इंडिकेटर, पिवळी, २ मागचा धुके-दिवा, निळी, ३ अर्थिंग, पांढरी, ४ उजवा इंडिकेटर, हिरवी, ५ उजवा मागचा दिवा, तपकिरी, ६ ब्रेक, लाल, ७ डावा मागचा दिवा, काळी. अमेरिकन सात-पिनी सॉकेटचा क्रम वेगळा आहे, दोन्ही मिसळू नयेत. निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. पांढरी तार रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर घट्ट बसवावी. फ्यूज जरूर घालावा.

कायदा

भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आर.सी. बुकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धरूनच हे कलम लागू केले. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. तेव्हा काम घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला आर.टी.ओ. व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करण्यास सांगावे. परदेशात तेथील वाहतूक खात्याचा नियम पाहावा.

कारागिराची अमानत

अनेक गिऱ्हाइकांची कामे घेणाऱ्या कारागिराला फिकहमध्ये 'अजीरे मुश्तरक' म्हणतात. धोब्याच्या आपटण्याने कपडा फाटला तर हनफी फिकहप्रमाणे भरपाई धोब्यावर येते, हा प्रसिद्ध मसला आहे. येथे तर प्रश्न कपड्याचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बोल्टचा ग्रेड पाहत नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवून पैसे देतो आणि त्याच गाडीत मुलाबाळांना बसवतो.

म्हणून बिलावर हिचची क्षमता, बॉलचे माप व बोल्टचा ग्रेड स्पष्ट लिहून द्यावा. क्षमतेबाहेरचे ओझे ओढण्यासाठी कोणी हिच मागितली तर नम्रपणे नकार द्यावा. त्या दिवशी एक गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल, हे खरे. पण रोजी देणारा अल्लाह आहे, आणि ज्या कारागिराचे काम रस्त्यावर सुटत नाही, त्याच्याकडे लोक इन्शाअल्लाह पुन्हा पुन्हा येतात.