आपत्तीतील उबेचे अर्थशास्त्र : स्वस्त स्लीपिंग बॅगची निवड

८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरला ७.६ तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला. भारताच्या बाजूस बारामुल्ला जिल्ह्यातील उरी आणि कुपवाडा जिल्ह्यातील तंगधार हे भाग सर्वाधिक बाधित झाले व १,३०० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. घरे कोसळली होती आणि हिवाळा तोंडावर होता. ढिगाऱ्यातून वाचलेल्यांना थंडीपासून वाचविणे हे प्रशासनापुढील दुसरे आव्हान होते. जून २०१३ मधील केदारनाथ आपत्तीत तर उन्हाळ्याचे दिवस असूनही पावसात भिजलेल्या यात्रेकरूंना उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. अशा प्रसंगी अन्न, पाणी व औषधे यांच्याइतकेच अंथरूण-पांघरुणाला महत्त्व असते. मर्यादित निधीतून हे साहित्य कसे निवडावे, हा आपत्ती व्यवस्थापनाचा तसाच सार्वजनिक खरेदीच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

गरजेचे स्वरूप

समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. केदारनाथची उंची सुमारे ३,५८० मीटर आहे. म्हणजेच केवळ उंचीमुळे तेथील तापमान सपाटीच्या तुलनेत सुमारे २३ अंशांनी कमी राहते. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेल्यास अल्पतापाची अवस्था निर्माण होते. ओले कपडे व वारा यांमुळे, तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही ही अवस्था ओढवू शकते. बालके व वृद्ध यांना हा धोका अधिक असतो.

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता ती अडवून धरते. भरणातील तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा हे काम करते. शरीराखालील भरण वजनाने दबले, की त्यातील हवा निघून जाते आणि उष्णता जमिनीत वाहून जाते. म्हणून खाली फोमची चटई नसेल, तर महागडी बॅगही अपुरी ठरते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली पातळ चकचकीत चादर स्वस्त व हलकी असते. ती वारा अडविते व शरीरातून उत्सर्जित होणारी उष्णता परावर्तित करते. परंतु तिच्यात हवा साठत नसल्याने रात्रभराच्या निवाऱ्यास ती पुरेशी नाही.

लेबलावरील आकडा

स्लीपिंग बॅगच्या तापमान-मापनासाठी आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. उष्णता मोजणाऱ्या पुतळ्यावर चाचणी घेऊन त्यात प्रामुख्याने तीन तापमाने ठरविली जातात. 'सुखद' तापमानात सर्वसाधारण स्त्री सैल स्थितीत आरामात झोपू शकते. 'मर्यादा' तापमानात सर्वसाधारण पुरुष अंग आखडून आठ तास झोपू शकतो. 'आत्यंतिक' तापमान ही केवळ सहा तास जीव तगविण्याची सीमा होय. त्यात झोप किंवा आराम अभिप्रेत नाही. वेष्टनावर पुष्कळदा सर्वांत खालचा आकडा ठळक छापलेला असतो. मदतसाहित्याच्या खरेदीत मात्र 'सुखद' तापमानच आधारभूत मानले पाहिजे, कारण लाभार्थ्यांत स्त्रिया, मुले, वृद्ध व उपाशी, थकलेली माणसे असतात.

भरणाचा विचारही आवश्यक आहे. पक्ष्यांच्या मऊ पिसांचे भरण हलके व उबदार असते. पण ते महाग असून भिजल्यावर निकामी होते. पोकळ पॉलिस्टर तंतूंचे भरण वजनदार असले, तरी स्वस्त असते, लवकर वाळते आणि ओले झाल्यावरही काही प्रमाणात ऊब टिकविते. पावसाळी व हिमवृष्टीच्या प्रदेशातील मदतकार्यासाठी हाच पर्याय अधिक व्यवहार्य ठरतो.

स्वस्त म्हणजे काय?

एका कल्पित उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होईल. एका डोंगराळ जिल्ह्याकडे १२ लाख रुपये आहेत आणि तंबूतील रात्रीचे तापमान ४ अंशांपर्यंत उतरते. 'अ' ही बॅग १,००० रुपयांची असून तिचे सुखद तापमान १२ अंश आहे. 'ब' ही बॅग ३,००० रुपयांची असून तिचे सुखद तापमान ० अंश आहे. 'क' हा संच २,००० रुपयांचा आहे : ५ अंशांची बॅग १,४०० रुपये, फोमची चटई २५० रुपये आणि ब्लँकेट ३५० रुपये.

त्याच निधीत 'अ' च्या १,२०० बॅगा येतात. पण त्यांतील एकही ४ अंशांच्या रात्री पुरेशी नाही. 'ब' च्या ४०० बॅगा येतात. मात्र चटईवाचून त्यांची क्षमता घटते. 'क' चे ६०० संच येतात आणि प्रत्येक संच उपयुक्त ठरतो. आता टिकाऊपणा पाहू. 'अ' तीन वापरांत निरुपयोगी झाली, तर प्रतिवापर खर्च सुमारे ३३३ रुपये होतो. 'क' दहा वेळा वापरता आला, तर तो २०० रुपये होतो. तात्पर्य, खरेदीची किंमत आणि वास्तव खर्च या भिन्न संकल्पना आहेत. त्याचबरोबर 'ब' निवडण्याचा संधी खर्चही ध्यानात घ्यावा लागतो : त्या निवडीमुळे २०० व्यक्ती संरक्षणावाचून राहतात.

येथे आणखी एक विवेक हवा. स्लीपिंग बॅग एका व्यक्तीचीच गरज भागविते. ब्लँकेट आई व मूल मिळून वापरू शकतात, दिवसा अंगावर घेता येते आणि धुणेही सोपे असते. कुटुंबांच्या छावणीत ब्लँकेट व चटई, तर बचाव पथके, अडकलेले प्रवासी आणि एकट्या व्यक्तींसाठी स्लीपिंग बॅग, अशी विभागणी अधिक किफायतशीर ठरते.

बाजार, निविदा आणि कायदा

शिवलेल्या बॅगेतील भरण ग्राहकाला दिसत नाही. विक्रेत्याला ते ठाऊक असते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या असममित माहितीच्या सिद्धान्तानुसार अशा बाजारात निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो. निविदेत केवळ 'उबदार व चांगल्या प्रतीची बॅग' एवढेच लिहिले, तर न्यूनतम दराचा निकष नेमका निकृष्ट माल निवडतो. म्हणून सुखद तापमान, भरणाचा प्रकार व वजन, लांबी, शिलाई, चेन आणि धुलाईक्षमता यांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि पुरवठ्यातील काही नमुने उसवून तपासले जावेत. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १४४ नुसार विनिर्देश मूलभूत गरज भागविणारे असावेत, अनावश्यक वैशिष्ट्यांचा भार त्यांत नसावा आणि गरजेहून अधिक साठा टाळावा.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छता यांच्या किमान मानकांसाठी मार्गदर्शक तत्त्वांची तरतूद आहे. कलम ५० नुसार आणीबाणीत निविदा प्रक्रियेशिवाय तातडीची खरेदी करता येते. ही सवलत आवश्यक असली, तरी संकटसमयीच्या खरेदीत घासाघीस व तपासणी यांना वाव उरत नाही. यास्तव हिवाळ्यापूर्वी स्पर्धात्मक दराने केलेला साठा हाच खरा किफायतशीर मार्ग होय. साठवणुकीत बॅगा घट्ट गुंडाळून ठेवल्यास भरण कायमचे दबते. त्या कोरड्या जागी सैल ठेवून दरवर्षी तपासणे आवश्यक आहे.

समारोप

कल्याणकारी राज्याच्या खरेदीचे यश किती नग वाटले यावर नव्हे, तर किती व्यक्ती रात्र सुखरूप काढू शकल्या यावर मोजले पाहिजे. अपुऱ्या उबेची बॅग वाटपाच्या नोंदवहीत पूर्ण नग म्हणून गणली जाते. कुडकुडणाऱ्या माणसाच्या लेखी मात्र तिचे मूल्य नगण्य असते.

सरावासाठी प्रश्न

१. असममित माहितीमुळे न्यूनतम दराच्या निविदेत कोणते दोष निर्माण होतात? सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मधील कलम १२ व ५० यांचे महत्त्व सांगा.
३. खरेदी किंमत, प्रतिवापर खर्च व संधी खर्च यांतील फरक मदतसाहित्याच्या संदर्भात विशद करा.