गरीब गाय

मागच्या सेमिस्टरला आमच्या फिल्म क्लबने ‘यून फाम दूस’ (१९६९) दाखवला. दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ, त्याचा हा पहिला रंगीत सिनेमा. सुरुवातीला हॉल बऱ्यापैकी भरला होता, शेवटी आम्ही नऊ जण उरलो. (सबमिशनचा आठवडा होता, हेही खरं.)

मूळ दीर्घकथा दोस्तोयव्हस्कीची, १८७६ सालची. इंग्रजीत ‘अ जेंटल क्रीचर’. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, पण मला एकच शब्द सुचतो : ‘गरीब गाय’. वस्तू गहाण ठेवून पैसे देणारा एक ४१ वर्षांचा सावकार. नोकरीची जाहिरात छापायला पैसे हवेत म्हणून त्याच्याकडे येणारी, जेमतेम १६ची पोरकी मुलगी. तो तिच्याशी लग्न करतो. कथा सुरू होते तेव्हा तिने जीव दिलेला आहे, आणि तिच्या प्रेताजवळ येरझाऱ्या घालत तो स्वतःशी बोलतोय.

म्हणजे बघा, अख्ख्या कथेत बोलतो तो एकटाच. ती शांत, ती हट्टी, ती कृतघ्न, सगळी त्याचीच विशेषणं. एकदा ती त्याच्यासमोर सहज गुणगुणते. याला धक्का बसतो, की ही मला विसरली की काय! तिला कसलं गाणं आठवलं, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आता सिनेमात हे कसं आणायचं? पुस्तकात आपल्याला ती फक्त त्याच्या शब्दांतून दिसते, पण पडद्यावर दोमिनिक सांदा साक्षात समोर असते. ब्रेसाँने कथा पॅरिसला नेली. नवरा आता मोलकरणीला सगळं सांगतो. आवाज त्याचा, पण कॅमेरा त्याचं ऐकेलच असं नाही. दोघं ‘हॅम्लेट’ बघून घरी येतात. ती सरळ पुस्तक काढते आणि नटांना केलेला उपदेश प्रयोगात गाळला होता, हे शोधून मोठ्याने वाचते. इतकी बारीक नजर असलेली मुलगी ‘गरीब गाय’?

मी नंतर एक प्रयोग केला. लॅपटॉपवर पहिली वीस मिनिटं आवाज बंद करून पाहिली. पहिल्या वेळेस मला नवऱ्याची दया आली होती. या वेळेस नाही आली.

हे मला का लागलं ते सांगते. फर्स्ट इयरला माझी रूममेट फार कमी बोलायची. तिच्या आईचा फोन आला की मी म्हणायचे, “काकू, काळजी नका करू, शांत आहे हो ती. काही त्रास नाही तिचा.” दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. वर्ष ड्रॉप केलं. काकूंना दोन महिने मी जे सांगितलं, त्यात तिचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं.

याच कथेवर मणी कौल यांनी १९९०मध्ये ‘नजर’ केला, त्यात नवरा शेखर कपूर आहे. तो पुढच्या टर्मला लावा, अशी क्लबला विनंती. आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं म्हणणं, नवऱ्याचं शेवटी खरंच प्रेम होतं, पुस्तक नीट वाच. मी दोनदा वाचलं. प्रेम असेलही, पण तिला विचारलं कुणी? सरांशी वाद अजून चालू आहे.