रात्री पाणी द्यायला कोणती बॅटरी घ्यावी, आणि खरा खर्च किती?

रात्रपाळीची लाईट आली की मोटर चालू करायला आणि दारं धरायला तुम्हाला अंधारातच शेतात उतरावं लागतं. त्यासाठी बॅटरी घ्यायला गेलात की खोक्यावर मोठ्या अक्षरात दिसतं ‘२ किलोमीटर’, ‘१०० वॅट’, ‘१०,००० ल्युमेन’. या आकड्यांवर पैसे मोजू नका. आधी झोत बघा.

झोताचे दोन भाग असतात, मधला लख्ख गोळा आणि भोवतीचा फिका उजेड. सरीतून चालताना तुमच्या कामाचा असतो तो भोवतीचा उजेड. पुढची चार-पाच पावलं आणि दोन्ही बाजूंचे वरंबे एकाच वेळी दिसले पाहिजेत, कारण घोणस किंवा मण्यार नेमकी गोळ्याच्या मधोमध येऊन बसत नाही. लांब पल्ल्याची अरुंद झोताची बॅटरी जवळच्या ओल्या चिखलावर मारली की डोळे दिपतात आणि गोळ्याबाहेर काळोख आणखी दाट वाटतो. उसात तर समोरची पानंच पांढरीफट्ट चमकतात. मात्र विहिरीपासून पलीकडचा बांध बघायचा असेल, बिबट्याचा वावर असलेल्या भागात कडेच्या झाडीवर नजर ठेवायची असेल, तर तिथे गोळाच हवा. ही दोन कामं एका बॅटरीकडून नीट होत नाहीत. पैसे असतील तर दोन घ्या: डोक्याला बांधायची रुंद झोताची आणि हातातली लांब पल्ल्याची. एकच परवडत असेल तर रुंद झोताची.

दुकानात संध्याकाळी, अंधार पडल्यावर जा. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभं राहून झोत मारा. गोळा किती मोठा, त्याभोवती उजेड किती पसरतो, मध्ये काळी कडी पडते का, हे बघा. मग काचेतून आत बघा. वाटी खोल आणि चकचकीत असेल तर झोत लांब जाणार. उथळ किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल तर उजेड मऊ आणि मिसळलेला मिळणार. पुढचं तोंड ओढून मोठं करायच्या ‘झूम’ बॅटरीची परीक्षा सोपी आहे. ती पूर्ण ताणा. भिंतीवर उजेडाचा चौकोन उमटेल. ती आतल्या एलईडीच्या चकतीची प्रतिमा असते, आणि तिच्याभोवती जवळजवळ काहीच उजेड नसतो. शिवाय तोंड सरकतं तिथून पाणी आत शिरण्याची भीती. पावसात वापरायची असेल तर खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोड्यांपुरती, ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी, एवढं बघून घ्या.

ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटला आहे हे कॅन्डेला सांगतं. अंतर कॅन्डेलावर ठरतं. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर. ४०० मीटर हवे असतील तर दुप्पट कॅन्डेला पुरत नाही, ४०,००० लागतात. आणि हे २०० मीटर कसले? जिथे झोत पाव लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो, ते अंतर. त्या टोकाला जनावर ओळखू येणार नाही. छापलेल्या अंतराचा पाव भागच हिशेबात धरा. ‘५ तास चालते’ याचा अर्थही विचारा: प्रमाणित चाचणीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात.

खरा छुपा खर्च सेलमध्ये आहे. ‘१८६५०’ हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. चांगल्या सेलची क्षमता साधारण २,५०० ते ३,५०० एमएएच. त्यावर ९,९०० छापलेलं असेल तर तो सेल घेऊ नका. चांगल्या सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा मावते. खरोखर १०० वॅटची बॅटरी असती तर एका सेलवर सात मिनिटांत विझली असती. हाच सेल अडीचशे ल्युमेनवर साधारण चार तास पुरतो, आणि दारं धरायला तेवढा उजेड भरपूर झाला.

हिशेब साधारण असा. डोक्याची बॅटरी ३०० ते १,००० रुपये. हातातली लांब पल्ल्याची, बऱ्या कंपनीची, १,५०० ते ३,५०० रुपये. खोक्यात सेल आणि चार्जर आहे का, ते उघडून बघा. नसेल तर खात्रीच्या सेलचे ३०० ते ६०० आणि चार्जरचे २०० ते ५०० रुपये वेगळे धरा. सेल काढता येत नसेल तर तो मेला की बॅटरीच गेली. स्वस्त, जड बॅटऱ्यांत बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली की कायमची जाते. हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. मागे दोन पिनांचा प्लग असलेली बॅटरी चार्ज होत असताना हाताळू नका, ओल्या हाताने तर नाहीच. स्वस्त मालात आतलं सर्किट थेट घरच्या विजेला जोडलेलं असू शकतं.

रंग पांढरट-निळा नको. त्या उजेडात पाचोळा, माती, साप यांचे तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात. ४,००० ते ५,००० केल्विन लिहिलेली मिळाली तर घ्या. दाट धुक्यात झोत डोळ्यांवर उलटतो, म्हणून डोक्याची बॅटरी काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा.

पक्कं बिल मागा आणि त्यावर मॉडेल लिहून घ्या. वॉरंटीत सेल धरला आहे का, आणि कुरिअरचे पैसे कोण देणार, हे तिथेच विचारा. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, वर काही द्यायचं नाही. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, ग्राहक-तक्रारीचा क्रमांक नसेल तर माल परत ठेवा. लिथियम सेलवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो.

फसवणूक झालीच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा, विक्रेता परगावचा असला तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बिल, खोकं आणि भिंतीवरच्या झोताचा फोटो सोबत ठेवा.