लहान रेडिओ केंद्र आणि साउंड कार्डाची निवड

मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्या काळी ध्वनिक्षेपण ही मोठ्या भांडवलाची बाब होती. आज स्थिती पालटली आहे. केंद्र शासनाने २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्याची मुभा दिली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी तरंग वाहिनी किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ही त्या धोरणाची आपल्या राज्यातील परिचित फळे होत. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती १०० वॅटपुरती आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपुरती मर्यादित असते. केंद्राची आर्थिक शक्तीही साधारणतः त्याच मापाची असते.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका केंद्रास भेट देण्याचा योग आला. द्राक्षांवरील रोगाविषयी एका कृषितज्ज्ञांचे भाषण प्रसारित होत होते. माहिती उत्तम होती, परंतु बोलण्याच्या मागे अखंड घरघर चालू होती. “साहेब बोलतात की पिठाची गिरणी चालली आहे तेच कळत नाही, म्हणून आम्ही बंद करतो,” असे एका शेतकऱ्याने नंतर मोकळेपणी सांगितले. ही तक्रार दूर करण्यासाठी भारी किमतीचे साउंड कार्ड घेण्याचा केंद्रचालकांचा विचार होता. प्रत्यक्षात दोष निराळा निघाला. मिक्सरमधून निघालेला ध्वनी संगणकाच्या अंगच्या लहान खोबणीत साध्या तारेने जोडलेला होता आणि संगणकातील विद्युत्-गोंधळ त्यात मिसळत होता. एक बेताच्या किमतीचे बाह्य कार्ड व योग्य तारा बसविताच घरघर नाहीशी झाली. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. तांत्रिक भाग त्याने जाणकारांकडून समजून घेतला आहे, आणि तो इतरांसही समजू शकेल या विश्वासाने येथे मांडला आहे.

साउंड कार्डाचे काम मुळात दुहेरी आहे. मायक्रोफोन व मिक्सरकडून येणाऱ्या विद्युत्-लहरींचे ते आकड्यांत रूपांतर करते आणि संगणकाने संस्कार केलेल्या आकड्यांचे पुन्हा लहरींत. मधला संस्कार आवश्यक असतो, कारण सरपंचांचे हळू बोलणे आणि लगेच पुढे येणारा भजनातील मृदंग यांत पातळीचा फार फरक पडतो. हा फरक आवरणे आणि ध्वनीची शिखरे ठरावीक मर्यादेत राखणे हे काम आता संगणकावरील आज्ञावली थोड्या खर्चात करतात. शिखरे आवरली नाहीत तर एफ. एम. प्रक्षेपणास घालून दिलेली ७५ किलोहर्ट्झ विचलनाची मर्यादा ओलांडली जाते आणि शेजारच्या कंप्रतेवरील केंद्रास उपद्रव होतो.

यास्तव कार्ड घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: संगणकातून प्रक्षेपकाकडे नेमके काय जाणार आहे?

प्रक्षेपकात स्वतःचा स्टिरिओ एन्कोडर असेल तर संगणकाकडून त्याला डावा व उजवा असे दोन साधे ध्वनिप्रवाह पुरतात. एफ. एम. वर १५ किलोहर्ट्झच्या पलीकडचा ध्वनी जातच नाही. सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारे कार्ड तत्त्वतः २४ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी सांभाळते, म्हणजे गरजेपेक्षा अधिकच. जाहिरातीत दिसणारे १२० डेसिबलचे आकडेही अशा वेळी मनावर घेऊ नयेत. १६ बिटची क्षमता सुमारे ९६ डेसिबल भरते. आपल्या स्टुडिओतील पंखा आणि बाहेरची एस. टी. त्याच्या कितीतरी आधी ऐकू येतात. बहुसंख्य लहान केंद्रे याच वर्गात मोडतात आणि त्यांना स्वस्त कार्ड खरोखर पुरते.

दुसरा प्रकार अवघड आहे. काही केंद्रे एन्कोडरचा खर्च वाचविण्यासाठी संपूर्ण स्टिरिओ संयुक्त लहर संगणकातच तयार करतात. या लहरीत १५ किलोहर्ट्झपर्यंत मूळ ध्वनी, १९ किलोहर्ट्झवर दर्शक स्वर, २३ ते ५३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डाव्या-उजव्यातील फरक आणि, केंद्राचे नाव रेडिओच्या पडद्यावर दाखवायचे असल्यास, ५७ किलोहर्ट्झवर त्याची माहिती असते. ४८ हजार नमुन्यांचे कार्ड येथे निरुपयोगी होय. ९६ हजारांचे कार्डही ४८ किलोहर्ट्झशी थांबते, म्हणजे पट्ट्याचे वरचे टोक कापले जाते. येथे १ लाख ९२ हजार नमुन्यांचे कार्डच हवे. मात्र खोक्यावर तो आकडा छापलेला आहे एवढ्यावर विसंबू नये. अनेक स्वस्त कार्डांच्या निर्गम बाजूस असलेला गाळणीमंडल वरच्या कंप्रता आधीच दुबळ्या करतो, आणि मग डावे-उजवे एकमेकांत मिसळते.

खालच्या टोकालाही एक फसगत असते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कार्डाच्या निर्गम बाजूस असलेला कॅपॅसिटर अतिमंद कंपने अडवितो. संस्कारानंतर लहरींचे माथे सपाट कापलेले असतात; असा सपाट माथा या कॅपॅसिटरमधून जाताना तिरपा होतो आणि त्याचे एक टोक मर्यादेच्या वर डोकावते. मर्यादा राखण्यासाठी मग सर्वच ध्वनी खाली आणावा लागतो आणि केंद्राचा आवाज श्रोत्यांना क्षीण वाटतो. काही आज्ञावलींत या तिरपेपणाची भरपाई करण्याची सोय असते. माझे मत विचारल्यास, ज्या केंद्राजवळ मोजमापाची साधने व ती वापरणारा माणूस नाही, त्याने या वाटेला न जाता एन्कोडर असलेला प्रक्षेपकच घ्यावा.

तारांविषयी दोन शब्द. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट असते. ही जवळजवळ चौपट तफावत न पाहता जोडणी केल्यास एक तर ध्वनी फाटतो किंवा दुबळा पडून खरखर वर येते. शक्यतो संतुलित जोडणी असलेले, म्हणजे दोन वाहक व वेगळे आवरण असलेली तार स्वीकारणारे, कार्ड घ्यावे. वर वर्णिलेली घरघर मुख्यतः याच उपायाने गेली.

थेट प्रसारणात विलंबाचा प्रश्न येतो. कार्ड ध्वनी गठ्ठ्यांनी हाताळते. ४८ हजार नमुन्यांच्या वेगाने २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्यास सुमारे ५ मिलिसेकंद, तर १०२४ च्या गठ्ठ्यास सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. येण्याजाण्याचे व संस्काराचे मिळून हे वाढते. श्रोत्याला त्याचे काहीच वाटत नाही. परंतु निवेदिकेला स्वतःचाच आवाज कानात उशिरा आला की ती अडखळते. त्यासाठी महागडे जलद कार्ड घेण्याचे कारण नाही. निवेदिकेच्या हेडफोनला ध्वनी सरळ मिक्सरमधून द्यावा आणि गठ्ठा मोठाच ठेवावा, म्हणजे प्रसारणात खंड पडत नाही.

ध्वनी आत घेण्यास एक कार्ड व बाहेर सोडण्यास दुसरे, अशी काटकसर मात्र करू नये. प्रत्येक कार्डाचे घड्याळ स्वतंत्र असते. दोहोंत दहा लाखांत ५० इतकाच फरक असला तरी सेकंदाला २.४ आणि तासाला ८,६४० नमुन्यांची तफावत पडते. ती भरून काढताना मधूनमधून टकटक ऐकू येते. जुने, संगणकाच्या आत बसणारे कार्ड स्वस्तात मिळाले तरी त्यास लागणारी पीसीआय खोबण नव्या संगणकात बहुधा नसते, हेही पाहून घ्यावे. यूएसबी कार्ड घेतल्यास संगणकाची वीजबचतीची सोय त्या खोबणीपुरती बंद करावी. तसेच संगणकाचे सूचना देणारे ध्वनी बंद ठेवावेत. शोकसंदेश चालू असताना टपाल आल्याची टिंग प्रसारित झाल्याचे उदाहरण माझ्या ऐकण्यात आहे.

विशिष्ट निर्मात्यांची नावे सुचविणे येथे उचित होणार नाही. प्रतिरूपेही दरवर्षी बदलतात. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे परत करण्याची मुदत मागून घ्यावी. कार्ड आल्यावर त्याचा निर्गम त्याच्याच प्रवेशास तारेने जोडून मोफत मिळणाऱ्या मोजणी-आज्ञावलीने कंप्रतांचा आलेख काढावा. मात्र या रीतीने निर्गम व प्रवेश या दोहोंचे दोष एकत्र दिसतात, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर प्रक्षेपक न जोडता २४ तास सलग ध्वनी चालवून पाहावा. भारनियमनाच्या वेळी वीज जाऊन आल्यावर कार्ड आपोआप पूर्ववत होते की नाही, तेही याच चाचणीत कळते. ही चाचणी उतरल्यास त्याच जातीचे दुसरे कार्ड घेऊन, तारांसह, कुलुपाच्या कपाटात ठेवावे आणि किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे द्यावी.