‘ए. टी. व्ही.’ गाडी उंच करणें : कृति व हिशेब

रस्ता नसेल तेथें जाणारी, जाड व मऊ टायरांची, घोड्यासारखी मांड टाकून चालवावयाची तीन चाकांची मोटारगाडी होंडा कंपनीनें सन १९७० मध्यें अमेरिकेंत विकावयास आणली. अशा तिचाकी गाड्या सहज कलंडत, म्हणून सन १९८८ मध्यें तेथील सरकारशीं झालेल्या तडजोडीनें नव्या तिचाकींची विक्री थांबली. आजची चारचाकी ‘ए. टी. व्ही.’ ही त्यांचीच धाकटी बहीण होय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतकरी गुरें वळण्यास, कुंपण पाहण्यास व फवारणीस ती वापरतात.

चिखलांत वा खोल चाकोरींत गाडीचें पोट टेकलें कीं चाकें जागींच फिरतात. यावर उपाय म्हणून गाडी उंच करण्याचा संच विकत मिळतो. त्यानें सामान्यतः दोन इंच उंची वाढते. संचांत पोलादी ब्रॅकेटें व बोल्ट असतात. चाक धरणारा आर्म व गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें स्प्रिंगसह शॉक-अब्सॉर्बर बसविलेला असतो. त्याचें एक टोक ब्रॅकेटानें सरकविलें म्हणजे सांगाडा वर उचलला जातो.

संच घेण्यापूर्वीं गाडीखालीं वाकून पाहावें. मागचीं चाकें स्वतंत्र आर्मांवर असतील तर पोटाखालची जागा खरोखरीच वाढते. परंतु मागचा आंस अखंड असेल तर सांगाडा तेवढा उचलला जातो. आंस होता तेथेंच राहतो व चिखलांत तोच अडतो. अशा गाडीस संचाचा लाभ थोडा.

कृति.— (१) गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. पोटाची उंची आणि पुढच्या चाकांच्या पुढील व मागील कडांमधील अंतरें मोजून लिहून ठेवावीं.

(२) जमिनीवर राहणाऱ्या चाकांस ओंडके लावावे. सांगाड्याखालीं जॅक लावून गाडी उचलावी आणि भक्कम घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये.

(३) चाक काढावें. आर्मास खालून आधार देऊन शॉक-अब्सॉर्बरचा, संचाच्या पत्रकांत सांगितलेला, बोल्ट काढावा. ब्रॅकेट बसवून त्यांत तें टोक जोडावें. नट तूर्त हातानेंच आवळावे. दुसऱ्या बाजूस तसेंच करावें.

(४) चाकें लोंबकळत असतां हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवून पाहावें. ब्रेकची नळी ताणली जातां कामा नये. चाकाकडे जाणारा दांडा आतां अधिक तिरपा होतो. त्याच्या सांध्यावरील रबरी बूट घांसत किंवा पिळत असेल तर तो लवकर फाटतो, माती आंत जाते व सांधा निकामी होतो.

(५) चाकें बसवून गाडी खालीं घ्यावी व तिचें वजन चाकांवर आल्यावर गाडीच्या पुस्तकांत आणि संचाच्या पत्रकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें सर्व नट आवळावे.

(६) पुढच्या चाकांचीं अंतरें पुन्हां मोजावीं. उंचीबरोबर हँडलच्या दांड्यांचा कोन बदलतो. फरक पडला असल्यास पुस्तकाप्रमाणें दुरुस्त करावा, नाहींतर टायर झिजतात व गाडी ओढते. पहिल्या एक-दोन तासांच्या हळू चालीनंतर नट पुन्हां तपासावे.

हिशेब.— येथवरचें काम अर्ध्या दिवसांत होण्यासारखें आहे. खरा विचार पुढेंच आहे. गवतानें उंच भरलेली बैलगाडी बांधावर कां कलंडते हें शेतकऱ्यास सांगणें नको. या गाडीचा न्याय तोच. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. भागाकार जितका लहान तितकी गाडी कमी उतारावर उलटते. उदाहरणार्थ, अंतर ३६ इंच व चालकासह गुरुत्वमध्य ३० इंचांवर धरूं. भागाकार ०.६० येतो; म्हणजे उभी गाडी सुमारें ३१ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य २ इंच वर गेला कीं हा कोन सुमारें २९ अंश होतो. त्यांत व्यासानें दोन इंच मोठे टायर घातले कीं आंस आणखी एक इंच वर जातो व कोन साडेअठ्ठावीसच्या जवळ येतो. चालत्या गाडीस दगड, खळगा वा वळण यांचा धक्का बसतो, म्हणून प्रत्यक्षांत ती याहून पुष्कळ आधींच उलटते. अर्धी भरलेली फवारणीची टांकी तर उतारावर पाणी एका कडेस लोटते.

ऑस्ट्रेलियांत ११ ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या गाडीस चालकाच्या रक्षणाची चौकट असणें बंधनकारक आहे; शिवाय आडव्या चांचणींत २८.८१ अंशांहून कमी उतारावर ती दोन चाकांवर येतां कामा नये असा नियम आहे. ही चांचणी कारखान्यांतून आलेल्या गाडीची होते. मालकानें ती उंच केली म्हणजे त्या चांचणीचा आधार सुटला असें समजावें.

सारांश, सपाट व दलदलीच्या जमिनीवर हा संच उपयोगी. डोंगरउतारावर तो घातक. बसवावयाचा झाल्यास संच व मोठे टायर यांपैकीं एकावरच भागवावें, उतारावर आडवें जाऊं नये, ओझें खालीं व कमी ठेवावें आणि डोक्यास हेल्मेट घालावें. दोन-तीनशें किलोंची गाडी अंगावर आल्यास मागाहून केलेला हिशेब उपयोगी पडत नाहीं.